खालच्या पायरीवरची मेणबत्ती

एकतीस वर्षं ओसाड पडलेला द्राक्षमळा पुन्हा उभा करायचं खूळ थोरलीच्या डोक्यात शिरलं, तेव्हा घरादाराने कपाळाला हात लावला. तिचे बाबा तेवढे तिच्यासोबत मळ्यात आले. वेलीचे कोणते डोळे राखायचे, कात्री कुठे चालवायची, हे त्यांनीच तिला हाताला धरून शिकवलं. पण वाइनच्या तळघराच्या दाराशी आले की त्यांचे पाय अडायचे. त्यांचा मोठा भाऊ तिथेच रसाच्या हौदापाशी मेला होता. पिऊन पडला, असं सगळे म्हणत. मेलेल्या माणसाच्या नावावर काय, काहीही खपतं.

पहिला तोडा निघाला, द्राक्षं तुडवून झाली, हौदातला रस आंबायला लागला. आता वर तरंगून आलेली सालं रोज दांड्याने खाली दाबायची. आंबणाऱ्या रसातला वायू जीव घेतो, म्हणून पेटती मेणबत्ती घेऊन उतरायचं आणि ती विझली की आल्या पावली परतायचं, एवढं थोरलीला ठाऊक होतं. मेणबत्ती ती जिन्यावरच्या उंच कोनाड्यात ठेवून काम करायची आणि जाताना तिथेच विझवायची. सकाळी नवी पेटवून यावं, तर कालची मेणबत्ती सगळ्यात खालच्या पायरीवर.

चार दिवस हेच. दुसरी किल्ली बाबांकडे होती, त्यामुळे ती मनातून सुखावली. म्हातारा नाही नाही म्हणत विरघळला तर! पाचव्या सकाळी ती दाराशी त्यांना म्हणाली, "लपूनछपून कशाला येता, बाबा? खाली ठेवलेली मेणबत्ती दिसते मला."

बाबा दारापासून मागे सरले. एकतीस वर्षांत आपण एकही पायरी उतरलेलो नाही, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, काम करताना ती मेणबत्ती कुठे ठेवते. कोनाड्यात, ती म्हणाली, हात मोकळे राहतात.

"मीही तिथेच ठेवली होती. वायू जड असतो गं, तळाशी साचतो. मेणबत्ती गुडघ्याखाली धर, हे दादाने शंभरदा सांगितलं होतं मला. त्या दिवशी ती वर छान जळत होती. मीच त्याला म्हटलं, हौदावर वाक खुशाल, काही होत नाही." त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "तो प्यायला नव्हता. थेंबसुद्धा नाही."

थोरलीच्या अंगावर काटा आला, आणि रागही आला. इतकी वर्षं मोठ्या काकांना सगळ्यांनी दारुडा म्हटलेलं ऐकून घेतलं यांनी, आणि जेवले कसे?

बाबांनी तिच्या हातून मेणबत्ती घेतली, पेटवली आणि कंबरेत वाकून, गुडघ्याखाली धरून ते उतरू लागले. आज हौदाची खदखद वरपर्यंत ऐकू येत होती. सहाव्या पायरीवर ज्योत विझली. कोनाडा तर त्यांच्या डोक्याच्याही वर होता; तिथे ती जळतच राहिली असती.

"कळलं, दादा," ते खालच्या अंधाराला म्हणाले. "सांगतो सगळ्यांना."

थोरलीने त्यांना दंडाला धरून वर आणलं आणि तळघराचे दोन्ही झरोके उघडले.