पेटीने गिळलेला 'नका'

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, सुरांचीही नव्हे, आवाजाची. माझ्या एका बाजूला मायक्रोफोनची वायर लागते, दुसऱ्या बाजूची यूएसबी वायर संगणकात जाते. माणूस बोलतो ते मी संगणकाला समजेल असे करून पोहोचवते, आणि संगणकातली गाणीही माझ्यातूनच बाहेर पडतात.

माझी पहिली नऊ वर्षे जावा बेटावरच्या मागेलांग शहरातल्या एका गाणाऱ्या मंडळीबरोबर गेली. लग्नामागून लग्ने झाली. एकदा माझ्यावर गोड चहा सांडला. तेव्हापासून माझे एक बटण चिकट आहे. पुढे मंडळी फुटली आणि मी मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या एका गावी, छोट्याशा रेडिओ केंद्रात आले.

तिथे बू वार्तिनाह बोलत असे. 'बू' म्हणजे आई. गावात सगळे तिला तसेच हाक मारत. तीस वर्षे ती सुईण होती. अर्ध्या गावाने जन्मल्यावर पहिला आवाज ऐकला तो तिचाच. शिखरावर जोराचा पाऊस झाला की राखेचा दाट चिखल नदीतून धडधडत खाली येतो. वरच्या चौकीतून फोन येई आणि बू माझ्यातून गावाला सावध करी. तिचे बोलणे ऐकताना ती शेजारी बसल्यासारखी वाटते, असे लोक म्हणत. त्यात थोडे श्रेय माझेही आहे, असे मी मनात धरून होते.

संगणकाची जबाबदारी गियान्तोची. त्याचे सायकली दुरुस्त करण्याचे दुकान होते. जुन्या संगणकावर त्याने लिनक्स घातले होते, कारण ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रालाही झेपते. केंद्र चाले सौर पत्र्यांच्या बॅटरीवर, आणि ती संध्याकाळच्या आतच मान टाकी. म्हणून त्याने वीज वाचवणारा एक प्रोग्राम बसवला. जे उपकरण दोन सेकंद रिकामे बसेल, त्याची वीज कमी करून त्याला झोपवायचे. हेतू चांगलाच होता. मला मात्र कुणी विचारले नाही.

चौथ्याच दिवशी दुपारी चौकीतून फोन आला. इशारे सरकारी भाषेत द्यायची पद्धत होती आणि त्या भाषेत नकार वाक्याच्या तोंडाशीच येतो. 'जांगान' म्हणजे 'नका'. बूने बटण दाबले आणि ती लगेच बोलली. मी झोपेत होते. मला जाग यायला सेकंदभर लागला, आणि तेवढ्यात तो पहिला शब्द हवेत विरला. गावाने ऐकले ते एवढेच: नदीत उतरा.

म्बा कार्सोदी, म्हणजे कार्सोदी आजोबा, पलीकडच्या काठावर गाईसाठी गवत कापत होते. त्यांच्या कमरेला छोटा रेडिओ लटकत असे. वार्तिनाह सांगते आहे म्हणजे वाट मोकळी असणार, असे समजून भारा डोक्यावर घेऊन ते पात्रात उतरले. बू प्रत्येक इशारा दोनदा देते, म्हणून ते वाचले. दुसऱ्या वेळी मी जागी होते. 'नका' ऐकताच ते भारा आणि विळा टाकून मागे पळाले. गवत चिखलाने नेले.

दुसऱ्या दिवशी ते केंद्रात आले. आमच्या घरच्या जावानी बोलीत 'जांगान' म्हणजे भाजी.

"काय गं वार्तिनाह, काल तुझी भाजी कुणी खाल्ली?" त्यांनी विचारले.

सगळे हसले. बू हसली नाही.

"मी बोलले होते, म्बा. दोन्ही वेळा बोलले होते."

पण ती स्वतःच डळमळली होती. आपली जीभ आता चुकते, असे तिने गियान्तोला सांगितले आणि दुसरी कुणी बघ म्हणाली. गियान्तोने तिची समजूत घातली, की दोष तिचा नाही, पेटी म्हातारी झाली आहे, ती बदलू.

"म्हातारी झाली म्हणून टाकायची असेल, तर आधी मला टाक," बू म्हणाली. "नाहीतर नीट बघ तिला काय होतंय ते."

मग त्याने वायर बदलली, संगणकाचे भोक बदलले, मायक्रोफोन बदलला. गाणे लावले तर मी ठणठणीत! इशारा दिला तर कधी पूर्ण, कधी बिनतोंडाचा. गियान्तो डोके खाजवत बसला. बूने मात्र सुईणीच्या जुन्या सवयीने प्रत्येक वेळ वहीत टिपली होती. गाण्यानंतर लगेच बोलले तर ठीक. शांततेनंतर बोलले की शब्द गायब. आधी खोकले तर फक्त खोकला गायब.

"अरे, ही बहिरी नाही," ती म्हणाली. "ही झोपतेय."

गियान्तोने संगणकाची नोंदवही उघडली. माझ्या नावापुढे ओळी होत्या: झोपवले, उठवले, झोपवले, उठवले. वेळा बूच्या वहीशी जुळत होत्या.

"मीच केलंय हे, बू," तो हळूच म्हणाला.

त्याने माझी 'आपोआप झोप' बंद केली. आता पहिला शब्दही नीट पोहोचला. पण सकाळी संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा मी पुन्हा झोपू लागले. तो प्रोग्राम दर वेळी आपलाच नियम लिहून टाकत होता. तेव्हा गियान्तोने त्याच्याच यादीत माझा क्रमांक घातला: बाकी सगळ्यांना झोपव, हिला नको. मग तीनदा संगणक बंद करून चालू केला. दर वेळी घड्याळ लावून दहा मिनिटे सगळे चिडीचूप बसले, आणि मग बू बोलली. बाहेर म्बा कार्सोदी रेडिओ कानाला लावून उभे होते. तिन्ही वेळा त्यांनी खिडकीतून आत डोकावून सांगितले, "आलं गं, पूर्ण आलं."

पुढच्याच आठवड्यात नदीत वाळू काढणारे अकराजण पहिल्या हाकेला वर आले. बू अजून बोलते आहे. बॅटरी थोडी लवकर उतरते, म्हणून गियान्तोने कोपऱ्यातला पंखा काढून टाकला. उकडते, पण कुणी तक्रार करत नाही.

मित्रांनो, मी सुखात आहे. तुमच्याकडेही माझ्यासारखे कुणी अडखळू लागले, तर लगेच त्याला म्हातारे ठरवू नका. कोरड्या फडक्याने पुसा, वायर हलकेच ढकलून बघा, आणि गेल्या चार दिवसांत आपण काय बदलले ते आठवा. मी दिवसातले कितीतरी तास गप्प असते. ते तास रिकामे नसतात. तेव्हा मी बूची वाट पाहत असते.