डब्यातलं आकाश

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही हसत माझ्यासमोर येऊन बसलात तरी मी म्हणेन, याच्या मनात काहीतरी आहे.

हा स्वभाव मला जन्मापासूनचा नाही. कारखान्यात तयार झालो तेव्हा मी चांगला भोळा होतो. मग बंगळूरच्या एका छापखान्यात मला नोकरी लागली, तिथे लग्नाचे अल्बम व्हायचे. सावळी नवरी आली की तिचे वडील मागून हळूच सांगायचे, "स्वल्प गोरी करा." नवऱ्याच्या डोक्यावर केस उगवायचे. भांडून न आलेला काका जुन्या फोटोतून उचलून मांडवात उभा केला जायचा. हे सगळं माझ्या छातीवर चालायचं. दिसतं तसं नसतं, हे मी तिथे शिकलो आणि त्या दिवसापासून ताकही फुंकून पितो.

छापखाना बंद झाला तेव्हा हेब्बाळच्या गुरुराज अण्णांनी मला घरी आणलं. अण्णा इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. त्यांच्या माडीवरच्या खोलीत दर रविवारी हौशी फोटोवाले जमत. कुणी कचेरीत, कुणी शाळेत, पण रविवारी सगळे एकमेकांना फोटो सजवायला शिकवत. सावली कशी उजळायची, रंग किती चढवायचा, नको ती तार कशी पुसायची. शिकवण्याचे पैसे नाहीत आणि कुणी काही लपवायचं नाही, हा तिथला रिवाज.

माझे ते दिवस फार मानाचे होते. फोनवर सगळेच फोटो सुंदर दिसतात, फोनसारखा खुशामत्या दुसरा नाही. मी मात्र करडं ते करडं दाखवायचो. वाद झाला की अण्णा म्हणायचे, "सरी, ठीक आहे, याच्यावर टाका. हा खोटं बोलत नाही." ते ऐकलं की माझा पडदा जरा जास्तच उजळायचा असं मला वाटे.

या मंडळींची एक खास चीज होती, आकाशाचा डबा. डबा म्हणजे कॉम्प्युटरातली एक सामायिक जागा. बंगळूरचं आकाश कधी राखाडी असतं, कधी तारांनी भरलेलं. म्हणून ज्याला चांगलं आकाश मिळेल त्याने ते कापून डब्यात टाकायचं आणि ज्याला हवं त्याने आपल्या फोटोवर चढवायचं. कुणी टाकलं ते लिहायचं नाही. "आकाशाला कसला मालक?" अण्णा म्हणायचे, आणि आलेल्या प्रत्येक आकाशाला नुसता नंबर देऊन टाकायचे.

मला हे पहिल्यापासून खटकायचं. नाव नाही म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय.

त्यातलं सतरा नंबरचं आकाश सगळ्यांचं लाडकं. केशरी ढग, मागे फिकट जांभळं. अण्णांच्या मुलीच्या बारशावर तेच, विधानसौधाच्या इमारतीवर तेच, कुणाच्या तरी नव्या स्कूटरवरही तेच. फक्त त्याच्या खालच्या कडेला एक काळा ठिपका होता. तो पुसणं हा नव्या माणसाचा पहिला धडा. शेजारचा रंग उचलायचा, ठिपक्यावर हलके फिरवायचा, ठिपका गायब. किती जणांनी तो माझ्यावर पुसला असेल, मोजदाद नाही.

आणि दर वेळी हा धडा सुरू झाला की दिव्यश्री उठून चहा आणायला खाली जायची.

दिव्यश्री म्हणजे मंडळींतली जुनी मुलगी, बँकेत कामाला, बोलायला कमी. वडील गेल्यापासून तर आणखीच कमी. बाकीच्या वेळी ती नव्यांना जीव तोडून शिकवायची, पण सतरा नंबर उघडला की चालली. मी मनात म्हणायचो, हिचं काहीतरी काळंबेरं आहे. नाहीतर नेमकी त्याच वेळी चहाची तलफ कशी येते?

मग प्रणीत आला. पुण्याचा, इथे बेळ्ळंदूरला मोठ्या कंपनीत. त्याने येताना स्वतःचा रुंद, नवा कोरा पडदा आणला आणि मला कोपऱ्यात सरकवलं. उजेड अडवायला माझ्या माथ्यावर एक झापड आहे, तिच्यावर लोक गाडीच्या किल्ल्या ठेवू लागले. नवा पडदा सगळं लखलखीत दाखवायचा. एवढं गोड बोलणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवला नसता. पण मला विचारतो कोण?

यंदा मंडळींनी त्याच खोलीत प्रदर्शन भरवलं. एका भिंतीवर सजवलेले फोटो. दुसऱ्या भिंतीवर 'जसा काढला तसा', म्हणजे हात न लावलेले. दिव्यश्रीने दुसऱ्या भिंतीवर एक फोटो लावला. हेब्बाळचं तळं, काठावर तिचे अप्पा, विठोजी. एका हातात चिखलामुळे काढलेल्या चपला. दुसऱ्या हातातली मिटलेली छत्री वर करून ते उडणारा पक्षी दाखवतायत आणि तोंडभर हसतायत.

आणि त्यांच्या डोक्यावर सतरा नंबरचं आकाश.

खोलीत कुजबुज सुरू झाली. सगळ्यांना तो ढग पाठ होता. त्यावरच तर सगळे शिकले होते. प्रणीत पुढे झाला. "दिव्यश्री, डोन्ट माइंड, पण हे आकाश डब्यातलं आहे. मग फोटो या भिंतीवर कसा?"

"डब्यातलं नाही. डब्यात मीच टाकलं होतं," ती म्हणाली.

"मूळ फाइल आहे?"

"फोन तळ्यात पडला, त्याच्याबरोबर गेली. हा तेव्हा मामाला पाठवलेला, यंदा त्याच्या फोनात सापडला."

त्या प्रतीवर ना तारीख, ना वेळ. सगळे एकमेकांकडे बघू लागले. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, ही तर जुनी छापखान्याची गोष्ट. गेलेल्या माणसाला चांगलं आकाश द्यावंसं कुणाला वाटत नाही?

अण्णांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "अम्मा, पोरी, राग मानू नको. मला तुझं पटतंय. पण नियम सगळ्यांना एक. खाली 'जोडकाम' अशी चिठ्ठी लावतो. फोटो राहील की."

"आई येतेय, अण्णा," दिव्यश्री म्हणाली. "ऑटोत बसलीय. तिने हा फोटो अजून बघितला नाही. अप्पांचा हसतानाचा दुसरा फोटो आमच्या घरात नाही. तुम्ही जोडकाम लिहिलंत तर ती विचारेल, काय जोडलंय? हसू की माणूस?"

प्रणीतने चिठ्ठी लिहिली होती, ती अण्णांच्या हातात दिली. आपण सांगतोय तेवढं पुरेल असं दिव्यश्रीला इतका वेळ वाटत होतं. चिठ्ठी बघून तिचा आवाज बदलला.

"अण्णा, सतरा नंबर उघडा. न पुसलेला. आणि तो ठिपका मोठा करा."

प्रणीतने नव्या पडद्यावर उघडला. तिथे ठिपका नुसता काळा डाग दिसत होता, चकचकीत आणि सपाट. अण्णा म्हणाले, "इथे नको, जुन्यावर टाक." किल्ल्या बाजूला झाल्या, माझी तार जोडली गेली. मी मनाशी ठरवलं, आज कुणाची बाजू घ्यायची नाही, आहे तेवढंच दाखवायचं.

ठिपका वाढत गेला. काळ्यात करड्या छटा दिसू लागल्या. ठिपका गोल नव्हता, निमुळता होता. टोकाला पितळेचा पिवळा कण होता आणि खाली दुमडलेल्या काळ्या कापडाची सुरुवात. मग अण्णांनी शेजारी दिव्यश्रीचा फोटो तेवढाच मोठा केला. विठोजींच्या छत्रीचं टोक. तोच पितळी कण, ढगाच्या त्याच पदराखाली, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

आकाश डब्यातून फोटोत आलं नव्हतं. फोटोतून डब्यात गेलं होतं. कापताना छत्रीचं टोक राहून गेलं होतं.

"फोन गेल्यावर त्या फोटोतलं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं," दिव्यश्री म्हणाली. "तुम्ही पुसायचात तेव्हा मला बघवायचं नाही."

"मग सांगायचंस ना गं कधीतरी," अण्णा म्हणाले.

"सगळे त्यावर शिकत होते, अण्णा. सांगितलं असतं तर कुणी हात लावला असता का?"

प्रणीत खाली बघत होता. पहिल्याच रविवारी त्यानेही ते टोक पुसलं होतं आणि सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. मला तो अजून फारसा आवडत नाही, पण त्या क्षणी त्याने अण्णांच्या हातातून चिठ्ठी घेतली आणि चुरगळून खिशात घातली. तेवढं त्याच्या नावावर जमा धरतो.

जिन्यावर पावलं वाजली. दिव्यश्रीची आई, पद्मावतीबाई आल्या, धाप लागलेली, पदराने मान पुसत. मंडळी बाजूला झाली. त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी काचेवर छत्रीच्या टोकाशी बोट ठेवलं.

"ही मीच बळंच हातात दिली होती," त्या दिव्यश्रीला म्हणाल्या. "हे नको म्हणत होते. बघ, आभाळ भरलेलंच होतं की नाही."

दिव्यश्री हो म्हणाली. गुरुराज अण्णा उगाचच खिडकी उघडायला गेले.

मित्रांनो, मी म्हातारा झालोय. एका कोपऱ्याने पिवळा पडत चाललोय आणि कधीतरी मलाही कुणी भंगारात देईल, त्याबद्दल मला काडीचीही शंका नाही. संशय घेऊ नका असं मी तुम्हाला सांगणार नाही, आजच्या दिवसांत तो घ्यायलाच हवा. पण घेतलात तर पुरता घ्या. कडेपर्यंत जा, ठिपका मोठा करून बघा, जो तुम्हाला खोटा वाटतोय त्यालाच विचारा की बाबा, कुठे बघू? तेवढी तसदी घ्यायची नसेल, तर निदान कुणाच्या हसण्याखाली चिठ्ठी लावू नका. त्याच्या घरचं माणूस कदाचित जिना चढत असेल.