एकोणीस नंबरचं झाकण

माणूस गेला की सातव्या दिवशी घरी परत येतो, हे साइक्वान या जुन्या चिनी वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. क्वाँग काका त्या दिवशी आपल्या घरी गेले की नाही, कोण जाणे. तकयुन चहागृहात मात्र ते आले. सकाळी बरोबर पावणेनऊला आले, आणि आल्याचं कळलं ते फक्त टेबलोटेबली गरम पाणी घालणाऱ्या साउहाला.

तिने काही पाहिलं नाही. नुसता आवाज आला. चहादाणीचं झाकण उचलून कडेवर तिरकं ठेवलं की चिनीमातीवर चिनीमाती घासून जो बारीकसा टुक् होतो, तो. एकोणीस नंबरच्या टेबलावरून आला, खिडकीजवळच्या. साउहा सवयीने किटली उचलून निघाली. जवळ पोचली तर टेबल रिकामं. पुसलेलं, कप पालथे घातलेले, चहादाणीचा पत्ताच नाही.

तकयुनमध्ये पाण्यासाठी कोणी हाक मारत नाही. झाकण तिरकं ठेवलं की पाणी हवं, झाकण बंद असलं की त्या टेबलाकडे फिरकायचं नाही. मग गिऱ्हाईक गप्पा मारत असो, पेंगत असो, नाहीतर बायकोशी भांडून मुकाट बसलेलं असो. साउहाने एकतीस वर्षं ती किटली वाहिली होती. दीडशे माणसांच्या गलक्यात, वाफेवर खाणं शिजवायच्या टोपल्यांच्या धडधडाटात तिला झाकणाचा टुक् अचूक ऐकू यायचा. तिच्या कानांचा तकयुनमध्ये लौकिक होता, आणि तिलाही त्याचा थोडा तोरा होता. आता तेच कान तिच्यावर उलटले.

आठव्या दिवशी आवाज आला. नवव्या दिवशीही आला. मग रोज, पावणेनऊला.

"कान तपासून घे एकदा," टोपल्यांपाशी उभा राहणारा लुन म्हणाला. लुन तिच्याच वयाचा, साठीला टेकलेला, तोंडाचा फटकळ. "नाहीतर म्हाताऱ्याचा जीव जडला असेल तुझ्यावर. जाता जाता सांगायचं राहिलं बिचाऱ्याचं."

"तुझ्या जिभेला हाड आहे का?" साउहा म्हणाली आणि हसलीही. पण त्या दिवशी कमळाच्या पानातला चिकट भात तिने तसाच परत गुंडाळून ठेवला. कारण क्वाँग काका तिच्याकडेच का येतात, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

क्वाँग काका म्हणजे खडूसपणाचा अर्क. शेवंतीची फुलं घातलेला काळा चहा, कोळंबीच्या पुरचुंड्यांची एक टोपली, मुळ्याच्या दोन वड्या, आणि वर्तमानपत्र. वीस वर्षांत यात काडीचा बदल नाही. चहा ओतला की माणसं बोटांनी टेबल वाजवतात. तोंडात घास असला तरी आभार पोचतात. क्वाँग काकांनी साउहासाठी एकदाही टेबल वाजवलं नव्हतं. "पाणी घालायचा पगार मिळतो ना तुला?" ते म्हणायचे. "मग आभार कसले?" बोट वाजायचं ते फक्त लेकीसाठी. वानयी रविवारी शेजारच्या फोशान शहराहून यायची, बापाच्या कपात चहा ओतायची, आणि म्हातारा वर्तमानपत्रातून मान वर न काढता एका बोटाने टक् टक् करायचा. सगळ्या जगावरची माया त्या एका बोटात साठवलेली असायची.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, साउहाने चूक केली. चहादाणी हलकी वाटली म्हणून तिने आपणहून झाकण उचललं आणि पाणी ओतलं.

"झाकण मी उघडलं होतं?" काका कडाडले. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. "चांगला दाट चहा उतरत होता, बुडवलास! एकतीस वर्षं किटली वाहून हाताला घट्टे पडले, डोक्यात काही शिरलं नाही! उद्या माझी लेक यायची आहे. उद्या तरी मी झाकण उघडेपर्यंत इकडे फिरकू नकोस!"

कोणीतरी हसलं. लुनही हसला. साउहा पाय आपटत आत गेली, आणि भांडी घासायच्या मोरीपाशी उभी राहून स्वतःशीच म्हणाली, "उघड म्हणावं झाकण. मेल्याने उघडल्याशिवाय उद्या थेंब घालणार नाही."

मेल्याने. तिने हाच शब्द वापरला होता.

रविवारी पावणेनऊला ती किटली घेऊन खिडकीकडून गेली. क्वाँग काका वर्तमानपत्रावर झुकले होते. उजवा हात चहादाणीच्या झाकणावर होता, बोटं मुठीभोवती आवळलेली. झाकण काही उचललं जात नव्हतं. त्यांनी मान कशीबशी वळवून तिच्याकडे पाहिलं. साउहाला वाटलं, म्हातारा डोळे वटारतोय. जणू सांगतोय, बघ, झाकण बंद आहे, लांबच राहा. तिने हनुवटी वर केली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. मग तिने हॉलमध्ये पाच फेऱ्या मारल्या. पाचही वेळा एकोणीस नंबरकडे पाठ केली.

वानयी सव्वादहाला आली. तिला वडिलांची बोटं एकेक करून झाकणावरून सोडवावी लागली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस फुटली, क्षणात गेले असणार. तकयुनमधल्या सगळ्यांनी तेच उचललं. पुण्यवान माणूस, हातात चहा, समोर वर्तमानपत्र, असं मरण कोणाला मिळतं? साउहानेही मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

मग वर्षभर ते झाकण वाजत राहिलं. एकोणीस नंबरवर दुसरं कोणी बसलेलं असलं तरी साउहा किटली घेऊन हजर व्हायची आणि लोक म्हणायचे, "अहो, आम्ही कुठे झाकण उघडलंय?" मालकाने तिला वरच्या मजल्यावर पाठवलं. आवाज जिना चढून आला, तेव्हा ती पुन्हा खाली आली. तिने काउंटरमागच्या देवाला उदबत्त्या लावल्या. शेवटी ती कागदी वस्तूंच्या दुकानात गेली, जिथे मेलेल्यांसाठी जाळायला कागदाचे बंगले आणि गाड्या मिळतात.

"चहादाणी हवी," ती म्हणाली. "झाकण सुटं पाहिजे. सहज उचलता येईल असं."

"बंगला घ्या, फोन घ्या," दुकानदार म्हणाला. "चहादाणी कोण मागतं?"

"ज्याला मी पाणी दिलं नाही तो."

दुकानदाराने खपून दोन दिवसांत चहादाणी केली, झाकणाला तांबडी मूठसुद्धा लावली. साउहाने ती गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या डब्यात जाळली. आधी झाकण, मग चहादाणी. दुसऱ्या दिवशी पावणेनऊला टुक् झालं. साउहा त्या दिवशी भर हॉलमध्ये रडली, आणि वाफ डोळ्यांत गेली असं सांगितलं.

वर्ष भरलं त्या रविवारी वानयी आली. चाळिशीला आलेली, बापासारखंच रुंद कपाळ. आठ वाजताच एकोणीस नंबरवर जाऊन बसली, खिडकीकडची खुर्ची रिकामी ठेवून. शेवंतीचा काळा चहा, कोळंबीच्या पुरचुंड्या, मुळ्याच्या वड्या. कप दोन मागितले. दोन्ही कप पहिल्या चहाने विसळले, जसे वडील विसळायचे तसे, कड बोटाने फिरवत.

साउहाला त्या बाजूला जायचं नव्हतं. पण वानयीने झाकण तिरकं ठेवलं. जावंच लागलं.

"साउहा मावशी, बसा ना जरा."

"कामावर आहे गं पोरी."

"मग उभ्या उभ्याच सांगा." वानयीने आवाज खाली आणला. "त्या दिवशी ही बाजू तुमच्याकडे होती ना?"

"होती."

"सगळे म्हणतात, क्षणात गेले. मला वर्षभर झोप नाही, मावशी. त्यांचा हात झाकणावर होता. क्षणात जाणाऱ्या माणसाचा हात झाकणावर कशाला जाईल? झाकणावर हात म्हणजे पाणी मागत होते ना?"

साउहाच्या हातातली किटली जड झाली. खोटं बोलणं अवघड नव्हतं. 'झोप लागावी तसे गेले' म्हटलं असतं तर पोरगी रडून मोकळी झाली असती, आणि साउहाची नोकरी, अब्रू, लुनची थट्टा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तिने तोंड उघडलंही.

टुक्.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊ झाले होते. समोरच्या चहादाणीचं झाकण तिने आत्ताच स्वतःच्या हाताने बंद केलं होतं, आणि ते बंदच होतं.

"क्षणात नाही गेले," साउहा म्हणाली. "मी पावणेनऊला इथून गेले तेव्हा जिवंत होते. झाकण उचलायला बघत होते. उचलवत नव्हतं. माझ्याकडे पाहिलं त्यांनी."

"मग?"

"मी गेले नाही. आदल्या दिवशी मला बोलले होते, झाकण उघडेपर्यंत फिरकू नकोस. मला राग होता. वाटलं, मुद्दाम करताहेत."

वानयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मी सव्वादहाला आले."

"हो."

"दीड तास."

"हो."

"माझे वडील दीड तास इथे... आणि तुम्ही बाकीच्यांना पाणी घालत होतात? एका बोलण्यावरून?"

"हो, पोरी."

"ते सगळ्यांनाच बोलायचे!" वानयीचा आवाज फाटला. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे जेवायच्या काड्या हातात धरून थांबले. "मलाही बोलायचे. लग्न कर, लग्न कर! म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम उशिरा निघाले. आठची गाडी सोडून दिली. बसू दे वाट बघत म्हटलं." ती थांबली, आणि मग अगदी हळू म्हणाली, "जा तुम्ही इथून. परत येऊ नका या टेबलाकडे."

साउहा गेली. टोपल्यांजवळच्या खांबाशी उभी राहिली. डोकं विचित्र शांत होतं. लुनने सगळं ऐकलं होतं. वर्षात पहिल्यांदा त्याला थट्टा सुचली नाही. त्याने नुसता तिच्यासमोर गरम पाण्याचा पेला सरकवला.

वेळ गेला. पुरचुंड्यांची टोपली निवली, वर साय धरल्यासारखा पापुद्रा आला. वानयीने एकही खाल्ली नव्हती. तिचं डोकं खाली गेलं होतं, केस तोंडावर आले होते, आणि उजवा हात चहादाणीच्या झाकणावर होता. खांदे हलत नव्हते. इतक्या लांबून ती रडतेय की नुसती बसलीय, सांगता येत नव्हतं.

साउहाने किटली उचलली.

"जाऊ नकोस," लुन म्हणाला. "झाकण बंद आहे. शिवाय हाकललंय तिने तुला. मालकाकडे तक्रार गेली तर घरी बसशील."

"बसेन," साउहा म्हणाली.

हॉल ओलांडायला किती पावलं लागतात, ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. त्या दिवशी ती पावलं संपेनात. एकोणीस नंबरपाशी पोचून ती वाकली. वानयीची बोटं तिने आपल्या घट्टे पडलेल्या हाताने हलकेच बाजूला केली, झाकण उचललं आणि गरम पाणी ओतलं. सुकलेली फुलं वर तरंगून आली.

वानयीने मान वर केली. डोळे लाल झाले होते. कपाळावर तीच आठी, बापाची.

"झाकण मी उघडलं नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग कशाला आलात?"

"तू बरी आहेस ना, ते बघायला," साउहा म्हणाली. "एवढंच."

माफ केलं असं वानयी म्हणाली नाही, आणि साउहाला त्याची आशाही नव्हती. वानयीने चहादाणी उचलून आधी समोरच्या, रिकाम्या खुर्चीपुढच्या कपात चहा ओतला, मग स्वतःच्या. मग तिला आवरेना. दोन्ही हातांत तोंड झाकून ती हुंदके द्यायला लागली, लहान मुलीसारखी, आजूबाजूची पर्वा न करता.

साउहाने झाकण बसवलं आणि वळली. दोन पावलं गेली असेल नसेल, मागून टेबलावर आवाज आला. एकाच बोटाचा, कोरडा, जरासा घाईचा.

टक् टक्.

साउहाने मागे वळून पाहिलं. वानयीचे दोन्ही हात अजून तोंडावरच होते.