एकसष्ट जन्मांचे वर्ष

चरित्रकोशाच्या कार्यालयात तिला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होते आणि त्यात काही वावगे आहे असे तिला वाटत नसे. पंचवीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवून झाल्यावर ती इथे तपासनीस म्हणून आली होती. छापखान्याकडे जाणाऱ्या प्रत्येक मुद्रितावर ‘तपासले’ या शब्दाखाली तिची सही लागे. सहीशिवाय यंत्र हलत नसे.

मुख्य संपादकांनी सोमवारी तिच्या टेबलावर एक जाडजूड बाड आणून ठेवले. ‘सुवर्णवर्ष’: अठराशे पन्नास या एकाच वर्षी जन्मलेल्या एकसष्ट नामवंतांची चरित्रे. प्रस्तावना त्यांनी स्वतः लिहिली होती आणि तिसऱ्याच परिच्छेदात त्यांचे विमान आकाशात पोहोचले होते. त्या वर्षी ग्रहताऱ्यांची काही अलौकिक बैठक जमली असावी, असा त्यांचा कयास होता.

“शतकातल्या इतर वर्षांत किती जण आहेत?” तिने विचारले.

“दर वर्षी असतील वीसेक. म्हणूनच तर हे सुवर्णवर्ष!”

“विसाचे सोळा होतात, पंचवीस होतात. एकसष्ट होत नाहीत.”

“बाई, चमत्कारालाही तुम्ही रांगेत उभं करणार का?”

“रांगेत सगळ्यांनीच उभं राहायचं असतं.”

संपादक हसत निघून गेले. तिने पेन्सिल काढली. पहिल्या तासाभरात तिला हवे ते सापडले: एकसष्टांपैकी वीस जणांच्या जन्माला दिवस होता, महिना होता. उरलेल्या एक्केचाळीस जणांपुढे नुसते साल. कुठल्याही वर्षी माणसे दिवस चुकवून जन्माला येत नाहीत.

तळघरात जुनी कार्डे होती. संगणक येण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीमागे एक कार्ड असे आणि ते जन्मसालाच्या खणात ठेवले जाई. ‘१८५०’चा खण इतका गच्च भरला होता की दोन्ही हातांनी ओढावा लागला. त्या एक्केचाळीस कार्डांच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एकेक बारीक ठिपका होता. अक्षर तिच्या ओळखीचे होते. त्याच अक्षरातल्या याद्या घेऊन ती लहानपणी दुकानात गेली होती.

मावशी या कार्यालयात एकोणतीस वर्षे कार्डे लिहीत होती. आता ती भाचीकडेच राहत असे, आणि त्या संध्याकाळी खिडकीशी बसून बटणे शिवत होती.

“मावशी, ठिपका कसला गं?”

मावशीने सुई थांबवली. “सापडला होय? साल माहीत नाही, असा तो ठिपका.”

“मग पन्नास का लिहिलंस?”

“शतकाच्या मधोमध. इकडे-तिकडे चुकलं तरी फार चुकणार नाही म्हणून.”

“पण साल माहीत नव्हतं तर कोरं ठेवायचं!”

“कोरं?” मावशी भडकली. “अगं, कोऱ्या कार्डाला खण नसायचा. तेव्हाच्या संपादकांचा फतवा होता, साल नाही ते कार्ड रद्दीत. दर शनिवारी पोतं जायचं. वाचून बघ कोण आहेत ते, मग मला शिकव.”

भिंगबाईने वाचले. एक सुईण होती. तिच्या स्वतःच्या वहीत दोन हजार तीनशे जन्म वेळेसकट नोंदलेले होते, आणि तिचा जन्म कुठेच नव्हता. वेधशाळेसाठी तीस वर्षे आकडेमोड करणारी एक बाई होती. तिचे तक्ते वेधशाळेच्या प्रमुखाच्या नावाने छापले गेले होते. दुर्बिणीची भिंगे घासणारा कारागीर होता. एक्केचाळीसपैकी चौतीस स्त्रिया, सात कारागीर. कार्डांवरून संगणकात मजकूर उतरवताना ठिपका कोणी उतरवला नव्हता. ठिपक्यासाठी रकानाच नव्हता.

आता तिच्या जागी दुसरे कोणी असते तर दोन दिवस थांबून विचार केला असता. तिने दुसऱ्याच दिवशी टिपण लिहिले, आकड्यांसकट, ठिपक्यांसकट, आणि संपादकांच्या टेबलावर ठेवले. चमत्काराचा फुगा फुटेल, प्रस्तावना मागे घ्यावी लागेल, एवढेच तिच्या डोळ्यांपुढे होते. खरे सांगायचे तर तिला थोडा आनंदही झाला होता.

बुधवारी बाड परत आले. ते निम्म्याहून पातळ झाले होते.

ती तडक संपादकांच्या खोलीत गेली. “हे काय?”

“तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य,” संपादक प्रसन्नपणे म्हणाले. “साल सिद्ध होत नाही ते एक्केचाळीस वगळले. वीस राहिले. ग्रहताऱ्यांचा परिच्छेदही काढला, तुमच्या समाधानासाठी. आता सही करा.”

“मी त्यांना काढा असं कुठं म्हटलं?”

“कोशात पुराव्याशिवाय काही नको, हे वाक्य कोणाचं? तुमचंच ना?”

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फास वळून दिला होता तिनेच! मावशीने खोटे लिहून जे एकोणतीस वर्षे राखले, ते तिने खरे लिहून एका दिवसात रद्दीत घातले होते.

“त्यांचं काम सिद्ध आहे,” ती म्हणाली. “तक्ते आहेत, वह्या आहेत, भिंगं आहेत. फक्त साल नाही.”

“हा सालवारीचा ग्रंथ आहे, बाई. साल नाही, जागा नाही. नियम म्हणजे नियम.”

“लिहून द्या.”

“काय?”

“नियम. साल निर्विवाद सिद्ध नसेल तर नोंद वगळावी. लिहून द्या, म्हणजे मला तपासायला बरं.”

संपादकांनी मान उडवली, कागद ओढला आणि लिहून दिले. तिने तो कागद घेतला आणि उरलेल्या वीस जणांना लावला. त्याला गुरुवार पुरा गेला. शुक्रवारी सकाळी ती पुन्हा त्याच खोलीत उभी होती.

“वीसपैकी सात जातात,” ती म्हणाली. “पहिले न्यायमूर्ती.”

न्यायमूर्तींचे तैलचित्र संपादकांच्या खुर्चीमागेच टांगलेले होते. विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांचे ते पणजोबा.

“डोकं ठिकाणावर आहे ना?”

“शाळेच्या दाखल्यात सत्तेचाळीस साल आहे, नोकरीच्या कागदात पन्नास. निवृत्ती लांबावी म्हणून वय तीन वर्षांनी कमी केलेलं दिसतं. निर्विवाद काही नाही. तुमच्याच नियमानं जातात.”

“न्यायमूर्तींना हात लावायचा नाही! ते कोण होते हे सगळ्यांना माहीत आहे.”

“सुईण कोण होती हे दोन हजार तीनशे घरांना माहीत होतं.”

“त्याची तुलना होते का?”

“नियमात तुलनेचं कलम नाही. मी वाचला नीट.” तिचा आवाज चढला नव्हता, पण बाहेरच्या खोलीतला कळफलकांचा खडखडाट थांबला होता. “एक तर सात जण बाहेर, नाही तर एक्केचाळीस आत. दोन मापांच्या पुस्तकावर माझी सही होणार नाही. दुसरा तपासनीस नेमायचा तर नेमा, अध्यक्षांना कारण मात्र मी स्वतः सांगेन.”

संपादकांनी एकदा वळून तैलचित्राकडे पाहिले. अखेर त्यांनी तिच्याकडे न पाहता म्हटले, “शेवटी वेगळा भाग करा. ‘जन्मसाल अज्ञात’. बारीक टाइपात.”

“त्याच टाइपात.”

“त्याच टाइपात! आणि आता जा.”

शनिवारी सुधारित मुद्रित घेऊन ती घरी आली. मावशीने चष्मा लावून शेवटच्या भागाचे पान उघडले. आता मावशी खूश होईल, अशी भाचीची अपेक्षा होती.

“अज्ञात?” मावशी म्हणाली. “कोणाला अज्ञात? या सुईणीच्या आईला माहीत नव्हतं?”

“कोशात असंच लिहितात गं.”

“लिहितात म्हणजे खरं होतं काय? त्या तक्तेवालीची नात हयात होती मी कार्ड लिहिलं तेव्हा. भेटून येते म्हटलं, तर तेव्हाचे संपादक म्हणाले, एवढ्यासाठी प्रवास नको. कोणी विचारलं नाही, बाई. कोणी विचारलंच नाही. आणि तू लिहितेस अज्ञात, जणू तीच लपवून बसली होती!”

भिंगबाईने मुद्रित आपल्याकडे ओढले. इतक्या वर्षांत तिने कित्येक पानांवर तो शब्द डोळे झाकून तपासला होता. तिने पेन काढले, भागाचे शीर्षक खोडले आणि समासात लिहिले: ‘ज्यांचे जन्मसाल कोणी विचारले नाही’. संपादक सोमवारी आकाशपाताळ एक करतील हे तिला दिसत होते. करोत बापडे.

मग तिने त्या तक्तेवालीच्या नातीचा जुना पत्ता मावशीकडून लिहून घेतला, सही न करता मुद्रित मिटले आणि विचारले, “तिथे जायची गाडी किती वाजता असते?”