नव्या खोळीतलं लाइफ जॅकेट

मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे, मित्रांनो. दिसायला मात्र नवंकोरं. सगळा घात तिथेच झाला.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. बाया फोमचे तुकडे नारिंगी कापडात भरून शिवत. दाराशी पाण्याचा हौद होता. तिथला म्हातारा तपासनीस आमच्यातल्या एकेकाला वजन बांधून हौदात फेकायचा आणि आम्ही वर आलो की म्हणायचा, "शाब्बास. जा, कुणाला तरी वर धर." मला मिळालेला तो एकमेव उपदेश.

मग ट्रक. मग घाट. मग हे तळं.

चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये थंडगार पाणी. काठावर रंगीत तंबूंची रांग. सुट्टीत माणसं येतात, खुंट्या ठोकतात, चूल पेटवताना डोळे चोळतात आणि होडीत बसायचं म्हणतात. होडीघर लाकडी आहे. ते चालवायचा नावाडी. त्याची बायको तिथेच मशीनवर फाटके तंबू शिवते. त्यांची लेक तिकिटं फाडते, वल्ही मोजून घेते.

पहिल्याच वर्षी एक लठ्ठ गृहस्थ फोटो काढून घेता घेता पाण्यात पडले. मी त्यांना अलगद वर धरलं. काठावर येऊन ते मला थोपटत म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!" मित्रांनो, त्या दिवशी मी खुंटीवर वाळत होतो, पण माझी छाती फुगली होती.

छाती फुगणं. फोमचं सगळं आयुष्य तेवढंच असतं. आत हवेचे बारीक बारीक कप्पे, आणि ते फुगलेले राहणं.

ते मोडले कुणी? वैऱ्याने नाही. पाहुणचाराने.

होडीतल्या फळ्या टणक होत्या. एक आजीबाई कण्हल्या, तसा नावाडी म्हणाला, "थांबा आजी, गादी देतो." आणि त्याने मला घडी घालून त्यांच्याखाली सरकवलं. आजींना बरं वाटलं. नावाड्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून होडीत शिरणाऱ्या प्रत्येकाखाली आमच्यातलं एकेक. पाहुणे म्हणत, "काय सोय आहे हो तुमची!"

संध्याकाळी तंबूवाले आम्हाला शेकोटीपाशी नेत. कुणी उशाला घेई, कुणी बुडाखाली. अशी नऊ वर्षं गेली. मी कागदासारखा चपटा झालो. खांद्याजवळचं कापड फाटलं, तिथून पाणी आत शिरायचं आणि आतच मुरायचं.

मला तेव्हाच फेकून द्यायला हवं होतं.

पण नावाडीण हाताची काटकसरी आणि मनाची मायाळू. "टाकायचं कशाला? कापड गेलंय, जीव आहे अजून," असं म्हणून तिने एका टाकाऊ तंबूचं जाड नारिंगी कापड काढलं, मला मोजून-मापून नवी खोळ शिवली. चपटा दिसू नये म्हणून आत चिंध्यांचे दोन थर दिले. दुहेरी टीप घातली. गळ्याशी निळा काठ लावला. दारातल्या खुंटीवर मला अडकवून ती लांब जाऊन बघत राहिली.

"कसं दिसतंय गं?"

"आई, ह्याला घालून लग्नाला जाता येईल," लेक म्हणाली.

त्याच महिन्यात तीन कोरी जॅकेटं आली होती. फुगलेली, टणटणीत. त्यांच्याशेजारीसुद्धा मीच उठून दिसत होतो. आणि मित्रांनो, एकट्या मलाच ठाऊक होतं की आत काही उरलेलं नाही. खुंटीला मात्र वाचा नसते, आणि जॅकेटलाही.

नावाडी स्वतः जॅकेट कधीच घालत नसे. "मासा कधी स्वेटर घालतो का?" हे त्याचं ठरलेलं.

त्या दिवशी दुपारी खिंडीतून वारा सुटला. तळ्याच्या मध्यावर एका जोडप्याची भाड्याची होडी कलंडली. दोघं किंचाळत होती. नावाडी धावला. त्याच्यामागून बायको, हातात मी.

"अहो, घाला आज तरी!"

"मासा कधी..."

"माशाला बायको नसते. घाला मुकाट्याने. माझ्या हातचं आहे."

तो हसला. त्याने हात वर केले. तिने पट्टा आवळला, बक्कल लावलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि जॅकेटच्या बाबतीत बायकोचं त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पुढचं मी भरभर सांगतो.

तो पोचला. त्यातल्या बाईला वर ओढून घेताना त्याची होडी डुचमळली आणि तोही पाण्यात. पोहण्यात पट्टीचा. त्याने दोघांचे हात उलट्या होडीच्या कडेला नेऊन घट्ट धरवले. "सोडू नका. येतीलच आता," म्हणाला. तो दमला होता. पाणी हाडं गोठवणारं. आणि मग, मित्रांनो, त्याने ते केलं जे त्याने एरवी जन्मात केलं नसतं.

हातपाय सैल सोडले.

जॅकेट आहे ना अंगात, म्हणून.

मी पाणी प्यायलो. जाड कापड प्यायलं, चिंध्या प्यायल्या. मी त्याला वर धरायला गेलो आणि माझ्यात वर जाण्यासारखं काही नव्हतं. त्याची बोटं बक्कलाशी आली. ती बधिर झाली होती.

जोडपं वाचलं.

काठावर लोक जमले. तळ्याचा रखवालदार म्हणाला, "जॅकेट घालूनसुद्धा गेला. घ्या! याची वेळ आली होती, दुसरं काय." तंबूवाले म्हणाले, "काही उपयोग नसतो हो त्यांचा." ते वाक्य काठाकाठाने तंबू-तंबूत पोचलं. मला पिळून, वाळवून परत खुंटीवर अडकवलं, कारण त्याच्या अंगावरची शेवटची वस्तू मीच होतो. एकानेही मला उसवून पाहिलं नाही.

आता होडी लेक चालवते. रोज चार फेऱ्या. तिला वडिलांसारखं पोहता येत नाही. तीन टणटणीत जॅकेटं तिच्या डोक्याशी लटकलेली आहेत. त्यांना ती हात लावत नाही.

"बाबांना काय कामाला आलं?" ती विचारते.

आईचा आपला वेगळाच प्रश्न असतो. "मी पट्टा ढिला बांधला होता का गं?"

"नाही गं आई. घट्टच होता."

"मग?"

लेक वल्ही उचलून होडीकडे जाते.

त्या "मग"चं उत्तर मी आहे. ते कळलं तर लेक उद्यापासून नवं जॅकेट घालेल आणि जगेल. आणि ते कळलं तर आई आपल्या दुहेरी टिपेकडे बघेल आणि... पुढे मला विचार करवत नाही. तरीही सांगायला हवं. मी खूप विचार केला आहे, खुंटीवर दुसरं काम नसतं. सांगायलाच हवं.

मित्रांनो, तुम्ही कधी डोंगरातल्या तळ्यावर तंबू ठोकायला गेलात, तर आमच्यावर बसू नका. आमचं कापड बघू नका. अंगठ्याने दाबून बघा. चांगला फोम लगेच वर येतो. माझ्यासारखा येत नाही.

खिंडीतून वारा सुटायची वेळ झाली आहे. लेक मध्यावर आहे, होडीत चार पाहुणे. आई दारात उभी आहे. आधारासाठी तिने मला धरलं आहे. धरलं आहे ते इतकं घट्ट, की तिचा अंगठा माझ्यात थेट आत रुतला आहे.

तिने हात काढला. खळगा तसाच राहिला.

तिचं लक्ष पाण्याकडे होतं.