डोळे राहिलेली पाठ

"पेंटर, तुझंच बूड टेकंना आनि मला म्हन्तोस हलू नको," गुंडू उशीत तोंड खुपसून म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं. बाकावर पालथा पडलेला गुंडू पैलवान पाण्यातल्या म्हशीसारखा निवांत होता. चुळबुळ चालली होती ती प्रभुलिंगची. टॅटूचं मशीन उचलायचा, चार खवले भरायचा, मशीन ठेवायचा, दारापर्यंत मागे सरकून एक डोळा मिटून बघायचा आणि पुन्हा धावत यायचा, जणू तेवढ्यात पाठ कुणी चोरून नेणार होतं.

गुंडूच्या पाठीवर ड्रॅगन होता. उजव्या फऱ्यावर, खांद्याच्या मागच्या हाडावर, त्याचं तोंड, तिथून अंगाचा वेढा कमरेपर्यंत उतरलेला, मधल्या जागेत ढग आणि लाटा. सगळं झालं होतं. शेपटाकडचे थोडे खवले भरायचे होते, अंगभर रंगाचा शेवटचा हात फिरवायचा होता, आणि डोळे. डोळ्यांच्या जागी कातड्याच्या रंगाचे दोन गोल तेवढे कोरे होते.

"डोळं आज काढून टाक की," गुंडू म्हणाला. "आंधळ्याला घेऊन किती फिरू?"

"डोळं शेवटी. समदं बरं झाल्यावर. मग एका बैठकीत दोन्ही."

"देवाचं हाय काय ते?"

प्रभुलिंगने सुई चालू केली. मैदानात गड्याचं सगळं वजन अंगावर आलं तरी हूं न करणारा गुंडू त्या सुईला मात्र आईच्या नावाने बारीक आवाजात हाका मारायचा.

प्रभुलिंग मूळचा शिरोळकडचा. नव्वदच्या दशकात तो कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे बोर्ड आणि तालमींचे मारुती रंगवायचा. हात चांगला होता, पण एका जागी टिकायचा नाही. पाटीवरचं शेवटचं अक्षर वाळायच्या आत माणूस दुसऱ्या शिडीवर. मग एका मोसमात बोर्ड रंगवायला म्हणून गोव्याला गेला आणि किनाऱ्यावरच्या टॅटूच्या दुकानात अडकला. तिथे एक म्हातारा जपानी दर हिवाळ्याला येऊन बसायचा. तो फक्त मोठी कामं करायचा. पाठ, छाती, अख्खा हात. त्याच्या चित्रात सुटं काही नसायचं. मासा काढला की पाणी आलंच, पाणी आलं की वारा आला, आणि जिथे काहीच नाही तिथेही वारा काढावा लागतो, हे प्रभुलिंग त्याच्याकडून शिकला. डोळे शेवटी, हेही. निघताना म्हाताऱ्याने त्याला मोडक्या इंग्रजीत बजावलं, एक अख्खी पाठ पुरी कर; तोवर तू पेंटरच.

प्रभुलिंग परत आला तोवर कोल्हापुरात फ्लेक्स आला होता आणि शिड्या अडगळीत गेल्या होत्या. त्याने सायकलच्या दुकानावर एक खोली घेतली, पांढऱ्या टाइल्स लावल्या, सुई गिऱ्हाइकासमोर पाकिटातून काढायची पद्धत ठेवली. आणि भिंतीवर, बाकासमोर, एक खिळा ठोकला. पुऱ्या झालेल्या पाठीचा फोटो तिथे लागायचा होता. गावाने मात्र त्याला पहिल्या दिवसापासून पेंटरच म्हटलं. गोव्याच्या म्हाताऱ्याशी गावाचं संगनमत असल्यासारखं.

कारण पाठ कोण देणार? लोक यायचे ते मनगट घेऊन. मनगटावर नाव. पोरीचं नाव, दंडावर आईचं, छातीवर राजांचं. पुढे वर्षभरात पोरीचं लग्न दुसरीकडे व्हायचं, किंवा पोराचं. मग तेच मनगट तोंड पाडून जिना चढायचं. प्रेम जमलं तरी प्रभुलिंगचं पोट भरायचं आणि मोडलं तरी भरायचं. असा धंदा शहरात दुसरा फक्त मंडपवाल्याचा. नाव झाकायला तो मासा काढायचा, जपानी, उसळी मारणारा, भोवती पाण्यासकट. गिऱ्हाइकाला वाटायचं नाव गेलं. प्रभुलिंगला वाटायचं निदान एक वीतभर तरी खरं काम झालं. गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत कितीतरी दंडांवर त्याचे मासे पोहत होते आणि प्रत्येकाच्या पोटात एक पोरगी होती.

पण मासा म्हणजे पाठ नव्हे. स्टँडवर, पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्याला पोहायला उतरलेल्यांत तो उघड्या पाठी बघत उभा राहायचा. आई मल्लव्वाने त्याला एकदा जयसिंगपूरला मुलगी दाखवायला नेलं. परतताना तिने विचारलं, कशी वाटली. हा म्हणाला, सासऱ्याची पाठ रुंद हाय. मल्लव्वा बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दुसऱ्यांची पोरं बायकांकडं बघत्यात. आमचं यप्पा पाठी बघत बसतंय." ते स्थळ तिथेच राहिलं. त्यानंतरचीही राहिली. खिळा रिकामा बघून मल्लव्वाने त्याला किराणा दुकानाचं कॅलेंडर अडकवलं. प्रभुलिंग ते काढून ठेवायचा, ती पुन्हा लावायची. दोघांनीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

अशात कोडोलीचा गुंडू जिना चढून आला. भिंतीवरच्या चित्रासमोर थांबून त्याने विचारलं, ह्या नागाला पाय कसलं. मग म्हणाला, पाठभर काढ.

प्रभुलिंगला वाटलं मस्करी आहे. पण गुंडूचा हिशोब पक्का होता. कुस्तीत पाठ म्हणजे अब्रू. पाठीला माती लागली की संपलं. समोरच्याला तो बघून घ्यायचा. धोका मागून कब्जा घेणाऱ्याचा. "मागनं धरणाऱ्याला बी वाटाय पायजे, कोणतरी बघतंय आपल्याकडं," तो म्हणाला. तालमीच्या वस्तादांना, गणपतरावांना, सांगायचं नाही, एवढीच त्याची अट. बैठका चालल्या ते वर्षभर आई आजारी आहे असं सांगून तो तालीम सोडून गावाकडेच राहिला. कोडोलीची ती धडधाकट म्हातारी त्या वर्षात तालमीच्या लेखी मरणाच्या दारातून कितीदा परतली असेल.

शेपटाचे खवले संपले, रंगाचा शेवटचा हात पाठभर फिरला, त्या दिवशी प्रभुलिंगने पाठ पुसली, मलम लावलं आणि नेहमीचं पुन्हा सांगितलं. उन्हात जायचं नाही, खाजवायचं नाही, मातीत उतरायचं नाही. गुंडू सदरा चढवत व्हय व्हय करत होता. त्याचं लक्ष खाली उसाच्या रसाच्या गाड्याकडे होतं. जिन्याच्या तोंडाशी प्रभुलिंगने त्याचा दंड धरला.

"ही जखम हाय, पैलवान. जखमेसारखी जप. आता निस्ते डोळं ऱ्हायल्यात."

"जपतो की," गुंडू म्हणाला.

आणि जपली. आठवडाभर कोडोलीत त्याने अंगाला पाणी लागू दिलं नाही, पालथा झोपला, मलम संपेपर्यंत लावलं. मग पाठ सुकायला लागली आणि खाज सुटली. अशी खाज की भिंत दिसली तरी पाठ आपोआप तिकडे वळायची. मलम संपलेलं. मैदानं तोंडावर आलेली. गुंडू तालमीत परतला. अंगात सदरा ठेवून कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसलेला पैलवान वस्तादांच्या नजरेतून सुटणार कसा? त्यांनी सदरा काढायला लावला.

गणपतरावांनी त्या पाठीला एक प्रदक्षिणा घातली. शिव्या दिल्या नाहीत. विचारलं, "ह्ये काय म्हनायचं?"

गुंडू म्हणाला, "जखम हाय, वस्ताद. जखमेसारखी जप म्हन्लाय पेंटर."

आता कोल्हापूरच्या तालमीत जखमेला काय लावतात हे कुणाला सांगावं लागत नाही. हौद्याची माती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात तेल मुरलेलं असतं, ताक, हळद, लिंबू. गुडघा फुटला, कोपर सोललं, कान सुजला, चिमूटभर माती दाबायची आणि पुढच्या जोडीला हाक मारायची. गणपतरावांनी गुंडूला हौद्यात पालथा निजवला, मधली मऊ माती उकरून घेतली आणि अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोराला लावावी तशी आपल्या हाताने मानेपासून कमरेपर्यंत थापली. गुंडूला इतकं थंड वाटलं की त्याला तिथेच झोप लागली.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. पाठ फुगली, पिकली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी आधी वस्तादांना झापलं, मग सगळं ऐकून घेतल्यावर समोर नसलेल्या पेंटरला. प्रभुलिंग दवाखान्याच्या दारापर्यंत तीनदा गेला आणि तीनदा परतला. चौथ्यांदा आत गेला तेव्हा गुंडू पालथा पडून पेपर वाचत होता. पाठीवर पट्ट्या होत्या. प्रभुलिंगने पट्ट्यांखालचं काही विचारलं नाही. गुंडूने आपणहून सांगितलं, "खाज गेली बघ."

पट्ट्या निघाल्या तेव्हा लाटा बऱ्याचशा वाचल्या होत्या. ढग मध्येमध्ये उडाले होते. खवल्यांत टक्कल पडलं होतं. उजव्या फऱ्यावर, जिथे सगळ्यात जास्त पिकलं होतं, तिथे कातडं आकसून गुळगुळीत झालं होतं, नेमकं त्या दोन कोऱ्या गोलांच्या जागी.

प्रभुलिंगने दुकान उघडं ठेवलं, पण काम त्याच्या हातून होईना. रंगाच्या बाटल्या पुसायचा, पुन्हा पुसायचा. वस्ताद येणार आणि जिन्यातच गळा धरणार हे त्याने गृहीत धरलं होतं. त्यांना काय ऐकवायचं हेही ठरवून ठेवलं होतं. ते ऐकवणं दिवसागणिक लांब आणि धारदार होत गेलं. आता एवढंच हवं होतं की ऐकणारा यावा.

गणपतराव आले ते भर दुपारी. तालमीत काढतात तशा वहाणा जिन्याखाली काढून आले. बाकावर टेकले. भिंतीवरची चित्रं बघितली.

"तालमीतला मारुती अजून हाय तसाच हाय," ते म्हणाले. "रंग न्हाय उडाला."

"ऑईलपेंट हाय त्यो, वस्ताद."

"हं." त्यांनी आपले दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले. "पोरगं म्हन्लं जखम हाय. मग जखमेला आमी काय लावणार?"

प्रभुलिंगचं ते लांब, धारदार भाषण होतं तिथेच राहिलं.

"माती," तो म्हणाला.

"ह्याच हातानं लावली." खाली कुणीतरी सायकलचं चाक फिरवून बघत होतं. "मारुतीचं डोळं तू शनवारी काढल्यालंस. नारळ फोडल्याबिगर काढू न्हाय म्हन्लो हुतो मी. दोन दिवस शिडीवर चढून उतरत हुतास, लक्षात हाय माझ्या. ह्येचं कवा काढणार हुतास?"

"पुढच्या बैठकीला."

"आनि आता?"

"आता तिथं रंग धरत न्हाय. मेल्यालं कातडं हाय ते."

वस्तादांनी मान हलवली. उठले. दाराशी वळून त्यांनी भिंतीकडे बोट केलं. त्या दिवशी कॅलेंडर काढलेलं होतं.

"खिळा कशाला हाय?"

"लावायचं हुतं कायतरी," प्रभुलिंग म्हणाला.

पावसाळा गेला. गुंडू पुन्हा जोर मारू लागला, हौद्यात उतरला. मग कागलकडच्या एका जत्रेच्या मैदानाच्या आदल्या दिवशी वस्तादांचा निरोप आला, ये. प्रभुलिंगने ओळखीच्या फोटोग्राफरचा कॅमेरा मागून घेतला, पिशवीत टाकला आणि गर्दीत कडेला उभा राहिला. एका पायावर, मग दुसऱ्या पायावर.

कुस्ती बराच वेळ चालली. दोघेही तांबडे झाले. मग समोरच्याने खाली वाकून गुंडूचा मागून कब्जा घेतला. प्रभुलिंग टाचा उंच करून बघत होता. त्या गड्याची हनुवटी नेमकी ड्रॅगनच्या तोंडावर टेकली होती आणि त्याने त्या तोंडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उचलला आणि टाकला. गुंडूची पाठ मातीला लागली.

हरलेला पैलवान उठता उठता पाठ झाडतो आणि वाट काढतो. गुंडूचा हात मागे गेला, तोच गणपतराव आत शिरले आणि त्यांनी तो मनगटात धरला. गर्दीवरून नजर फिरवली. प्रभुलिंग सापडला. मग त्यांनी गुंडूला खांद्याला धरून सावकाश वळवलं आणि त्याची पाठ प्रभुलिंगकडे केली.

घामावर माती बसली होती. जिथे खवले उडाले होते तिथे ती भरली होती, ढगांच्या फटी तिने सांधल्या होत्या. लाट, ढग, अंगाचा वेढा, सुटं काही नव्हतं. फऱ्यावरचे दोन गुळगुळीत वण तेवढे उघडे होते. तिथे रंग धरला नव्हता, मातीही धरत नव्हती.

शेजारच्या फेटेवाल्याने कोपर मारलं. "पावणं, कुणी काढलंय म्हनायचं हे?"

"हाय एक पेंटर."

"झकास काढलंय. पर डोळं काढायचं इसरलाय की लेकाचा."

"इसरला न्हाय," प्रभुलिंग म्हणाला. "ऱ्हायल्यात."

कॅमेरा पिशवीतून निघाला नाही. वस्तादांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, मग आपल्या फेट्याचं टोक सोडून गुंडूची पाठ पुसायला घेतली. वणांच्या कडेने त्यांचा हात हळू झाला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर खिळ्याला कॅलेंडर होतं. मल्लव्वाचं काम. महिना मागचाच होता. प्रभुलिंगने पान उलटलं आणि कॅलेंडर तिथेच राहू दिलं.

थोड्या वेळाने एक पोरगा मनगट घेऊन जिना चढला. काय आहे ते विचारायची गरज नव्हती. तरी प्रभुलिंगने सवयीने विचारलं. मनगटावर स्नेहल होती. प्रभुलिंगने पाकीट फोडून सुई काढली, दिवा ओढून घेतला, मनगट उलटंपालटं करून बघितलं.

"मासा काढूया," तो म्हणाला.

आणि त्या दिवशी त्याने माशाचा डोळा आधी काढला.