लिहून पाठव गं

मित्रांनो, आडपडदा कशाला ठेवू? मी हेवेखोर आहे. पत्र्याच्या ट्रंका करणाऱ्या एका मिस्त्रींच्या कारखान्यात, खिडकीजवळच्या फळीवर बसलेला तारेचा, तबकडीचा काळाकुळकुळीत टेलिफोन मी. आणि माझ्याच फळीवर, माझ्यापासून वीतभर अंतरावर, तो बसतो. मोबाइल. त्याचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी जन्माला आलो तेव्हा असा नव्हतो हो. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या, घंटा बसवली. शेवटच्या बाईनं मला तीनदा वाजवून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, मेल्याचा आवाज तीन गल्ल्या जाईल. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

त्या आवाजासाठीच मिस्त्रींनी मला पसंत केलं. त्यांच्याकडे दिवसभर पत्रा कापायचा, कडा दुमडायच्या, रिव्हेट ठोकायचे. त्या ठणठणाटात दुसऱ्या कुणाची काय बिशाद होती! मी वाजलो की हातोडा थांबायचा, मिस्त्री हात पुसत यायचे आणि गिऱ्हाइकानं सांगितलेलं माप खडूनं भिंतीवर लिहून घ्यायचे. गल्लीत कुणाला मूल झालं, कुणाला नोकरी लागली, सगळं आधी मला कळायचं. मिस्त्रींच्या बायकोनं मला फुलाफुलांचं झाकण शिवलं होतं. त्यांची लेक तेव्हा एवढीशी होती, ट्रंकेवर चढून माझ्याशी बोलायची.

पुढे मिस्त्रींची बायको गेली. लेक शिकली, दूरच्या शहरात नकाशे काढायच्या कचेरीत लागली. मग दर रविवारी सकाळी दहाला मी वाजायचो. घरमालकिणीचं मांजर, साहेबांचा तिरसट स्वभाव, करपलेला भात, असं काय वाट्टेल ते ती सांगायची आणि इकडे मिस्त्री पोट धरून हसायचे. तो अर्धा तास माझा होता, माझा एकट्याचा.

आणि दोन वर्षांपूर्वी तो आला. लेकीनंच आणून दिला. पहिला महिनाभर मिस्त्रींनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, तेव्हा मला कोण आनंद झाला होता! पण मग काय फिरलं कोण जाणे. त्याला पुसायला मऊ फडकं आलं, आणि मला? मला तेलाचा डबा पुसतात तेच. तो नुसता लुकलुकला की मिस्त्री हातातली कातर टाकून धावत. गिऱ्हाइकानं माझ्यावर माप सांगितलं तर म्हणत, लिहून पाठवा. अहो, भिंत आहे, खडू आहे, मी आहे, आणि म्हणे लिहून पाठवा! एक गिऱ्हाईक तर वैतागून म्हणालं, तीनदा सांगितलं की राव.

पण खरं पोटात दुखलं ते रविवारचं. अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली, मग चार. लेक बोलायची आणि मिस्त्री म्हणायचे, "हो हो." ती आणखी काही सांगायची, हे म्हणायचे, "बरं बरं." आणि शेवटी ठरलेलं, "लिहून पाठव गं." हे सगळं मला कानाला लावून, आणि डोळे कुठे? त्या लाडोबावर! एकाशी बोलताना दुसऱ्याकडे टक लावून बघायचं, याला काय म्हणावं तुम्हीच सांगा. लेकीलाही ते जाणवत होतं. एकदा तिनं विचारलं, बाबा घाईत आहात का, तर हे म्हणाले, हो हो. त्यानंतर तिनं मांजराच्या गोष्टी सांगणं बंद केलं.

मग तो रविवार आला. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"बाबा, पित्ताशयात खडे निघालेत. गुरुवारी ऑपरेशन आहे. मला भीती वाटतेय. तुम्ही याल?"

"बरं बरं," मिस्त्री म्हणाले. "जप हं. लिहून पाठव गं."

मग तिनं फोन ठेवला.

मित्रांनो, तिचा शब्द न् शब्द मी त्यांच्या कानापर्यंत नेला होता. माझी चूक काडीची नव्हती. मला वाटलं, ऐकलं सगळं, पण लक्ष त्याच्याकडे. आणि आता लाज वाटते सांगायला, मी मनातून खूश झालो. म्हटलं, बरी खोड मोडली. आता लेक रागावेल, मिस्त्री त्याला उचलून भंगारात टाकतील आणि फळी पुन्हा माझी होईल. एक पोरगी एकटी, घाबरलेली, ऑपरेशनला निघाली होती आणि मी फळीचा हिशेब करत होतो.

तिनं काही लिहून पाठवलं नाही. गुरुवारी मिस्त्रींनी दिवसभर एका मोठ्या ट्रंकेचा तळ ठोकला, शीळ घालत. पुढच्या रविवारी दहा वाजले, मी वाजलो नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मिस्त्रींनी मला उचलून हलवलं, माझी तार नीट केली. शेवटी त्याला हातात घेतलं आणि लिहिलं, रविवारचा फोन नाही, कशी आहेस?

उत्तर आलं. वाचताना पुटपुटायची मिस्त्रींना सवय आहे, म्हणून मलाही कळलं.

"बाबा, ऑपरेशन झालं. टाकेही निघाले. कचेरीतली मैत्रीण पाच दिवस सोबत राहिली. मी या म्हणाले, तुम्ही बरं बरं म्हणालात आणि आला नाहीत. माझ्याशी बोलणं जड जात असेल तर यापुढे मी फोन करणार नाही."

मिस्त्रींनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. ऑपरेशन, ऑपरेशन, एवढंच तीन-चारदा पुटपुटले. मग त्यांनी लिहायला घेतलं. पत्रा हाताळून त्यांच्या बोटाचं टोक असं टणक झालंय की काचेला ते बोट आहे हेच लवकर पटत नाही. एकेक शब्द म्हणत, पुसत, पुन्हा लिहीत होते.

"मला ऐकू येत नाही. दोन वर्षं होतील. फोनवर आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. तुला कळलं असतं तर तू कारखाना बंद करायला लावला असतास, म्हणून लपवलं. लिहून पाठव म्हणायचो, ते वाचायला मिळावं म्हणून."

मी गारच पडलो. म्हणजे दोन वर्षं मला कानाला लावून हा माणूस त्याच्याकडे बघत होता, तो लाड म्हणून नाही. लेकीचे शब्द तिथे तरी उमटतील, अशी वाट बघत होता! मी खणखणीत बोलत राहिलो, आणि ते पोहोचतात का, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

तिचं उत्तर लगेच आलं. "बाबा, मला तुमचा आवाज ऐकायचाय."

मिस्त्रींनी तबकडी फिरवली. पण मला कानाला लावलं नाही. तोंडासमोर धरलं, आणि दुसऱ्या हातात, चष्म्यासमोर, त्याला. म्हणाले, "मी बोलतो. तू लिही."

आणि बोलले हो! चुकलो म्हणाले, शनिवारच्या गाडीनं येतो म्हणाले, करपलेला भात आता मी करीन म्हणाले. हेवा वाटायचा तो वाटलाच मला, कारण बोलणं माझ्यातून जात होतं, पण तिचे शब्द त्याच्या काचेवर उमटत होते आणि मिस्त्री ते पुन्हा पुन्हा वाचत होते. मी बोललेलं कुणी दुसऱ्यांदा ऐकत नाही.

तर मित्रांनो, एवढं माझं ऐका. फोन करा नाहीतर लिहा, पण आधी समोरच्याला विचारा, तुला कसं सांगू? कुणी नुसतं हो हो म्हणालं तर रुसून फोन ठेवू नका, पुन्हा विचारा. आणि ऐकू येत नसेल तर सांगून टाका, त्यात कमीपणा कसला?

त्या दिवशी मिस्त्रींनी शेवटी विचारलं, "रडत नाहीस ना गं?" त्याच्या काचेवर अक्षरं उमटली, "नाही बाबा, हसतेय." मिस्त्रींचा चेहरा खुलला. ती हुंदके देत होती. ते फक्त मला ऐकू येत होतं.